नैराश्यासाठी बोलण्याचा उपचार घ्यायचा आहे? सुरुवात इथून करा

"काउन्सेलिंग घेऊन बघ" असं कुणी सुचवलं की बहुतेकांच्या मनात येतं, अनोळखी माणसापुढे बसून मन मोकळं करायचं, तो समजूत काढणार आणि वर फी घेणार. त्यापेक्षा मावशीशी बोललेलं काय वाईट? मावशीशी जरूर बोला, त्यानेही बरं वाटतं. पण नैराश्यावरचा बोलण्याचा उपचार हे वेगळं काम आहे. त्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत, सेशन किती लागतील याचा अंदाज असतो, घरी करायचा अभ्यास असतो आणि फरक पडतोय का हे मोजताही येतं. माझा आग्रह एकच आहे: आपल्यावर कुठल्या पद्धतीने उपचार चालू आहे, हे पेशंटला माहीत असलंच पाहिजे. आपल्याकडे सहा-सहा महिने सेशनला जाणारी माणसंसुद्धा हे सांगू शकत नाहीत, कारण त्यांनी विचारलेलं नसतं आणि त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात आधी: जीव नकोसा झाला असेल तर

मरणाचे विचार येत असतील, विशेषतः कसं आणि कधी हेही मनात घोळत असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत थेट जा. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून दवाखान्यात न्यायला घरचे कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं, तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. त्यामुळे उशीर करू नका. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये. शेतावरची फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्यांचा साठा त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवावा. आणि "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो.

पायरी १: हे नैराश्यच आहे का, ते पाहा

वाईट दिवस सगळ्यांचेच येतात. आजार म्हणायचा तो निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल तेव्हा. सोबत झोप बिघडते, भूक जाते किंवा वाढते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं. आपल्याकडे मन दुखतंय असं सांगण्याआधी डोकं, पाठ आणि अंग दुखतंय असं सांगितलं जातं, त्यामुळे कित्येक जण आधी महिनोन्‌महिने फिजिशियनकडेच फेऱ्या मारतात.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी डॉक्टर सर्रास वापरतात आणि ती मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २७ पैकी. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ च्या पुढे जास्त आणि २० च्या पुढे तीव्र. हे निदान नव्हे, पण आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा, पुढे त्याचा फार उपयोग होईल. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याहून जास्त गुण पडले तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

एकदा रक्ततपासणीही करून घ्या. थायरॉइड कमी पडणं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असणं यानेही माणूस असाच गळून जातो. आणि पूर्वी कधी आठवडाभर झोपेशिवाय अफाट उत्साह, वारेमाप खर्च, भरधाव बोलणं असं झालं असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

पायरी २: कुणाकडे जायचं

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते आणि तो नंबर तुम्ही मागू शकता. काउन्सेलर या नावाखाली मात्र मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारेही येतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही. म्हणून शिक्षण विचारा, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं तेही विचारा. चांगल्या माणसाला हे विचारल्याचा राग येत नाही.

त्रास मध्यमपेक्षा जास्त असेल, जेवणखाण सुटलं असेल, कुणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येत असतील, तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. त्रास सौम्य किंवा मध्यम असेल तर थेट थेरपीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. शहरात एका सेशनला हजार-दोन हजार रुपये ही काही वेगळी गोष्ट राहिलेली नाही, आणि दर आठवड्याला तेवढे देणं बहुतेकांना झेपत नाही. फोनवरच फी विचारा, सवलत मिळेल का तेही विचारा. बरेच थेरपिस्ट काही पेशंट कमी पैशांत घेतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मध्ये, मानसोपचाराची ओपीडी असते. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही केसपेपर काढून मानसोपचार विभागात जाता येतं, गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत. गर्दी असते, पहिल्या दिवशी अर्धा दिवस मोडतो, पण तपासणी नीट होते. ठाण्याच्या आयपीएचसारख्या (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या, संस्थांमध्ये डॉक्टर आणि थेरपिस्ट एकाच छताखाली मिळतात. इंग्लंडमध्ये राहणारे मराठी लोक जीपीच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी सेवेकडे नाव नोंदवू शकतात आणि तिथे दुभाष्या मागता येतो. मात्र शक्य असेल तर ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि रडता त्या भाषेतला थेरपिस्ट शोधा, ऑनलाइन असला तरी चालेल.

पायरी ३: पद्धती समजून घ्या

*आधी कृती: बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन*

नवख्या माणसाने हिच्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हिला फार आत्मपरीक्षण लागत नाही आणि अगदी गळून गेलेला माणूसही ती करू शकतो. विचार साधा आहे. मन उदास झालं की आपण एकेक गोष्ट सोडत जातो. सोडली की तिच्यातून मिळणारा आनंदही जातो, माणसं तुटतात, कामं साचतात आणि मन आणखी उदास होतं. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं. "बरं वाटलं की करीन" याऐवजी "ठरलंय म्हणून करतो, वाटेल ते नंतर बघू."

समजा, सांगलीजवळच्या गावातले पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. दुकान मुलाकडे सोपवलं, भजनी मंडळात जाणं बंद झालं, दिवसभर कॉटवर पडून असतात. पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नसतं. वहीत तासागणिक काय केलं ते लिहायचं आणि शेजारी दोन आकडे मांडायचे, ० ते १० पैकी आनंद किती आणि काहीतरी केल्याचं समाधान किती. वही पाहिली की दिसतं, सकाळी अकरा ते दुपारी तीन कॉटवर, आनंद ०, समाधान ०. पण मंगळवारी संध्याकाळी म्हशीला पाणी पाजलं तिथे आनंद २, समाधान ४. ही नोंद फार मोलाची आहे, कारण 'मला कशानेच काही वाटत नाही' हे पूर्ण खरं नाही असं त्यांच्याच अक्षरात समोर येतं.

मग पुढच्या आठवड्यासाठी ठरतं: म्हशीला पाणी रोज संध्याकाळी पाचला, आणि गुरुवारी भजनाला जायचं, पण पूर्ण वेळ नाही, मागे बसायचं, पंधरा मिनिटं, शेजारच्या मित्राबरोबर जायचं आणि उठून यायचं. वार, वेळ आणि सोबतीचं माणूस लिहिलेलं हवं. 'थोडं बाहेर पडायला हवं' हा गृहपाठ नव्हे. जमलं नाही तर रागवायचं नाही, काय आडवं आलं ते पाहायचं. लोक विचारतील "इतके दिवस कुठे होतात?" या धास्तीने पाय थांबले असतील, तर त्या प्रश्नाला द्यायचं एका वाक्याचं उत्तर सेशनमध्ये बोलून बघायचं.

या पद्धतीचा मोठा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात संगथ ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ पेशंटांवर एक चाचणी घेतली. सगळ्यांचा पीएचक्यू-९ चा आकडा १४ च्या वर होता. अर्ध्यांना नेहमीची सेवा थोडी सुधारून दिली, अर्ध्यांना त्यासोबत याच पद्धतीची सहा ते आठ सेशन. ती देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले स्थानिक स्त्री-पुरुष होते. गरज पडली तर ते घरी जात, घरच्यांनाही सामील करून घेत. तीन महिन्यांनी थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा आकडा १० च्या खाली आला होता, इतरांपैकी ३९ टक्के लोकांचा. हे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आले. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की इतक्या जास्त त्रासातल्या लोकांनाही, साध्या आरोग्य केंद्रात, आठवड्याच्या तीस-चाळीस मिनिटांत फरक पडला. म्हणून आपल्या गावात मोठा तज्ज्ञ नाही, एवढ्यावरून आशा सोडू नका.

*मग विचार: सीबीटी आणि आरईबीटी*

फिलाडेल्फियाचे डॉ. अ‍ॅरन बेक मनोविश्लेषण शिकलेले होते. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे ते पेशंटांच्या स्वप्नांतून सिद्ध करायला निघाले आणि त्यांना सापडलं वेगळंच: हे लोक स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल सतत, आपोआप, अत्यंत निराश विचार करतात आणि ते विचार तपासतच नाहीत. त्यातून १९६० च्या दशकात सीबीटीचा, म्हणजे विचार तपासायला शिकवणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, पाया घातला गेला. तपासायचं कसं, ते एका तक्त्यावरून पाहा.

घटना: ताईला फोन केला, उचलला नाही, दोन तासांत परत फोनही नाही.
मनात आलेला विचार: मी सगळ्यांना नकोशी झालेय. (खरा वाटतो ९० टक्के)
भावना: उदास, ८०.
बाजूचा पुरावा: गेल्या आठवड्यातही तिने लवकर फोन ठेवला.
विरुद्ध पुरावा: मंगळवारी ती सासूबाईंना फिजिओथेरपीला नेते. परवा तिने न सांगता डबा पाठवला होता.
आता काय म्हणता येईल: ती बहुधा बाहेर आहे. नकोशी असते तर डबा आला नसता. रात्री पुन्हा फोन करते.
भावना: उदास, ५०.

उदासी ८० वरून ५० वर आली, शून्यावर नाही. तेवढंच अपेक्षित आहे. 'सगळं छान आहे' असं मनाला पढवणं म्हणजे सीबीटी नव्हे, आणि पॉझिटिव्ह विचार करा असा उपदेश जो थेरपिस्ट करतो तो सीबीटी करत नाही. पुरावा दोन्ही बाजूंचा मांडायचा, आणि ताई खरंच नाराज असेल तर तेही निघू द्यायचं. मग त्यावर काय करायचं ते ठरवता येतं. साधारण बारा ते वीस सेशन धरून चाला.

आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) ही अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली, सीबीटीच्याच कुळातली पद्धत. महाराष्ट्रात ती बरीच रुजली आहे, कारण मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याकडून पत्रव्यवहाराने शिकून ती इथे आणली आणि आयुष्यभर शिकवली. 'मला सगळ्यांनी मानलंच पाहिजे', 'मी नापास होता कामा नये' अशा हट्टाच्या मागण्यांवर ती थेट बोट ठेवते. तिची भाषा थोडी वादविवादाची असते. काहींना ती आवडते. नुकतंच कुणी गमावलेल्या माणसाला सुरुवातीला टोचू शकते.

*मग नाती: आयपीटी*

जेराल्ड क्लेरमन आणि मर्ना वाइसमन यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात ही, म्हणजे नात्यांवर काम करणारी इंटरपर्सनल थेरपी, घडवली. ती चारच दारांतून आत जाते: मृत्यूचं दुःख, जवळच्या माणसाशी न मिटणारा वाद, आयुष्यातला मोठा बदल आणि एकटेपणा. यातलं तुमचं दार कुठलं ते सुरुवातीलाच ठरवतात आणि बारा ते सोळा सेशन त्यावरच काम होतं. लग्नानंतर गाव बदललं, बाळंतपण झालं, निवृत्ती आली, मुलं परदेशी गेली आणि तिथून मन ढासळलं असं ज्यांना सांगता येतं, त्यांनी ही पद्धत करणारं कुणी आहे का हे जरूर विचारावं. युगांडाच्या ग्रामीण भागात ती गटांमध्ये घेतली गेली, गटप्रमुख तिथलेच लोक होते, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा चांगला परिणाम दिसला. आपल्याकडे मात्र ही पद्धत शिकलेले लोक कमी सापडतात.

बाकीच्या थोडक्यात. माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावावर, आधारलेली आठ आठवड्यांची एमबीसीटी मुख्यतः पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांसाठी आहे, बरं झाल्यावर परत पडू नये म्हणून. सायकोडायनॅमिक थेरपी बालपण आणि जुन्या नात्यांचे धागे शोधते, तिला बहुधा जास्त वेळ लागतो. नवरा-बायकोतला ताण हेच मूळ असेल तर दोघांनी मिळून जाणं चांगलं. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी एकटीने भेटा.

पायरी ४: पहिलं सेशन

पंचेचाळीस मिनिटं ते तास धरा. आधीची प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट आणि ती पीएचक्यू-९ ची नोंद न्या. पहिल्या वेळी बराच वेळ प्रश्नांत जातो: त्रास कधीपासून, घरात कुणाला होता का, झोप, दारू, औषधं. सगळं एकाच दिवशी सांगायची सक्ती नाही. "हे आज नको" म्हणालात तरी चालतं.

तुम्हीही विचारा. तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता? माझ्यासाठी तीच का? साधारण किती सेशन लागतील? फरक पडतोय हे कसं कळेल? मी सांगितलेलं घरी कळेल का? शेवटच्याचं उत्तर कायद्यातही आहे: तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगीच ती सांगता येते. थेरपिस्ट स्वतःच्याच गोष्टी सांगत बसला, धर्म-जात-लग्न यांवरून न्याय करू लागला, बाहेर भेटायचा किंवा लगट करायचा प्रयत्न केला, औषधं परस्पर बंद करा म्हणाला, तर परत जाऊ नका.

पायरी ५: मधले आठवडे

खरं काम सेशनच्या मधल्या सहा दिवसांत होतं. गृहपाठ झाला नाही म्हणून सेशन चुकवू नका, उलट तेव्हाच जा. का झाला नाही यावरच सगळ्यात चांगलं बोलणं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर जास्त थकल्यासारखं, रडू आल्यासारखं वाटू शकतं. ते थेरपिस्टला सांगा.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ भरा आणि आकडा मागच्याशेजारी लिहा. चार ते सहा सेशननंतरही आकडा हलला नाही तर गप्प राहू नका. "मला फरक वाटत नाही, आपण काही बदलायचं का?" हे वाक्य पाठ करून गेलात तरी चालेल. पद्धत बदलता येते, औषधांची जोड देता येते, माणूसही बदलता येतो. सूर जुळला नाही, यात तुमचं अपयश नाही.

औषधांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा: थेरपी चालू आहे म्हणजे गोळ्या नकोत असं नाही. जास्त त्रासात दोन्ही मिळून बहुधा जास्त चांगलं काम करतं. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. मनाने बंद करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

घरच्यांनी "काय बोलणं झालं?" असं दारातच विचारू नये. "सोबत येऊ का?" हे विचारावं, आणि गृहपाठात चालणं असेल तर चप्पल घालून बरोबर निघावं. विम्याची पॉलिसीही एकदा तपासा. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे, पण ओपीडीतली सेशन अनेक पॉलिसींत बसत नाहीत.

पायरी ६: थांबवायचं कसं

आकडा ५ च्या खाली येऊन काही आठवडे टिकला, कामं सुरू झाली, की सेशन एकदम बंद न करता पंधरवड्यावर, मग महिन्यावर आणा. शेवटच्या एक-दोन भेटींत कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: माझं बिघडायला लागतं तेव्हा आधी काय दिसतं (फोन न उचलणं, अंघोळ टाळणं, रात्री तीनला जाग येणं), तेव्हा मी काय करायचं, आणि कुणाला फोन करायचा. या कागदाची एक प्रत घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. त्यातली दोन लक्षणं आठवडाभर टिकली तर नव्याने सुरुवात करायची गरज नसते. त्याच थेरपिस्टकडे दोन-तीन सेशनची वेळ घ्या आणि जुनी वही सोबत न्या.